एस.टी.च्या पायरीएवढं खोकं

माझ्या सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा त्या आमच्याकडे चार दिवसांच्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नंदनवनात दोन खोल्यांत राहायचो, आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खरं घर उमरेडच्या पुढे, एस.टी.तून उतरून अर्धा कोस आत. तिथं शेत, विहीर, धाकटे दीर, त्यांची बायको, दोन बैलजोड्या, आणि या सगळ्यांवर आईंचा आवाज. नागपूर त्यांना कधी मानवलं नाही. "बापा, इथं सकाळी दार उघडलं का दुसऱ्याचं दारच दिसते," म्हणायच्या. चौथ्या दिवशी परतायचं होतं, पिशवी भरून दारामागं ठेवलेली. श्रावणातली सकाळ. चहा बशीत ओतता ओतता त्यांचा हात कलंडला, सगळा चहा लुगड्यावर, आणि मी "आई, भाजलं का?" म्हणून वाकले तर तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांना मला नावानं हाक मारायची होती, ते नाव काही केल्या बाहेर येईना.

तीन आठवडे दवाखान्यातली खाट, आणि मग दिवाळीपर्यंत रोज सायकलरिक्षानं दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत. तिथं एक बाई होती. ठेंगणी, मनगटं अशी की जात्याचा खुंटा तिनंच ठोकला असावा. आई तिला 'कसरतवाली' म्हणायच्या. आई बोलायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांना विचारलं, "आजी, बरं होऊन काय करायचं?"

मला वाटलं, आई म्हणतील देवाला जायचंय, नातवाचं लग्न बघायचंय. म्हाताऱ्या माणसांनी म्हणायच्या गोष्टी ठरलेल्या असतात.

आई म्हणाल्या, "एस्टीत चढाचं हाये."

"एस.टी.त?"

"माह्या घरी जाचं हाये. माह्या पायानं. कोनी उचलून गाडीत घातलं त गाव काय म्हनन? गाठोडं आलं म्हनन."

आणि मग तिला सगळं समजावून सांगितलं, ओढलेल्या तोंडानं, थांबत थांबत. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सासरे गेल्यापासून त्यांची घागर आईच भरायच्या. स्वतःच्या विहिरीचं पाणी, स्वतःच्या हातानं. एक वर्ष चुकलं नव्हतं. "तोवर मले चढता आलं पायजे," आई म्हणाल्या. कसरतवाली हसली नाही. तिनं यांच्याकडे बघून सांगितलं, "साहेब, एस.टी.ची खालची पायरी जमिनीपासून किती उंच असते, ते मोजून आणा."

यांनी खरंच मोजली. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीच्या दाराशी उकिडवे बसून, सुतळी लावून. कंडक्टर म्हणे, "काय साहेब, गाडी घरी बनवून राहिले का?" सुतळीला गाठ मारून हे ती खिशातून घेऊन आले. दोन वितींना बोटभर कमी. मी आधी संत्र्याची रिकामी पेटी उलटी घालून बघितली. आईंनी पाय ठेवल्याबरोबर तिची फळी कडकन मोडली आणि आई, तोंड धड नसताना, आजारानंतर पहिल्यांदा हसल्या. मग सुताराकडून सागाच्या फळ्यांचं खोकं करून घेतलं, बरोबर सुतळीएवढं.

त्या खोक्यावर चढायचं शिकायला आईंना दीड महिना लागला. कसरतवालीचा नियम असा, की वर जाताना चांगला पाय आधी आणि खाली येताना दुबळा आधी. आईंना उजवा-डावा सांगून कळायचं नाही, म्हणून त्यांनी पायांना नावं दिली. उजवी ती थोरली, डावी ती धाकटी. भिंतीतल्या दांडीला धरून उभ्या राहायच्या आणि हुकूम सोडायच्या, "थोरली, चढ वं. धाकटी, ये मांगून, लाजू नको." व्यायामाच्या खोलीतले बाकीचे लकव्याचे रोगीही थांबून बघायचे. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि त्या बाईनं मला अकरा वर्षांत नीट बोलू दिलं नव्हतं, हेही सांगते. पण ज्या दिवशी त्या कोणाचा हात न धरता, फक्त दांडीला धरून वर चढल्या, सरळ उभ्या राहिल्या आणि खाली माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चाल, तिकीट काढ," त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कसरतवालीनं सांगितलं, आता इथं यायची गरज नाही. मला बाजूला घेतलं. "हे बघा बाई, इथं जे आलंय ते घरी आपोआप टिकणार नाही. रोज दहा वेळा चढणं, दहा वेळा उतरणं. पाणी त्यांचं त्यांनी उठून घ्यायचं. आंघोळ त्यांच्या हातानं, तासभर लागला तरी. तुम्हाला दया येईल, येऊ द्या, पण हात पुढे करू नका. दोन महिन्यांनी मला दाखवून जा." मी सगळ्याला हो हो म्हटलं. एखादं पथ्य सांगितल्यासारखं ते ऐकलं मी, आंबट नको, तेलकट नको, तसं.

पहिले दहा-बारा दिवस पथ्य अगदी पाळलं. सकाळी खोकं खाटेसमोर ओढायचं, आईंनी खिडकीचा गज धरायचा आणि थोरली-धाकटीची परेड सुरू. पाणी पिण्याच्या माठापर्यंत जाऊन त्या स्वतः ओगराळ्यानं पाणी घ्यायच्या, निम्मं सांडायचं, मी पुसायची. आंघोळीला पाऊण तास. माझा स्वैपाक खोळंबायचा, यांची कचेरी, मुलांची शाळा, मी चरफडायची. पण चाललं होतं.

आणि मग पाहुणे सुरू झाले.

आजारी माणसाला बघायला जाणं आमच्याकडे चुकवत नाहीत. लग्नाला नाही गेलं तर माफ आहे, आजाऱ्याला बघायला नाही गेलं तर सात पिढ्या लक्षात ठेवतात. गावाहून नागपूरला कोणी कोर्टाच्या तारखेला आलं, लग्नाचा बस्ता बांधायला आलं, पंपाचा सुटा भाग घ्यायला आलं, तो माणूस आमच्या दारात. सकाळची गाडी स्टँडवर आली की दहा-साडेदहापर्यंत दारात चपला वाजायच्या.

पहिल्या आल्या त्या आतेसासूबाई, आईंची नणंद. सोबत दोघी बाया. मी दार उघडलं तेव्हा आई खोक्यावर उभ्या, एका हातात गज, पदर खांद्यावरून घसरलेला, कपाळावर घाम. आतेसासूबाईंनी दारातच कपाळावर हात मारला. "माय वं! म्हातारीले सर्कशीत टाकलं का काय?"

मी सांगायला गेले. दवाखान्यानं सांगितलंय, व्यायाम आहे. कोण ऐकतं! त्यांनी आईंना दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं, खाटेवर निजवलं, पाय दाबायला बसल्या. थोड्या वेळानं आई सवयीनं पाण्याला उठायला लागल्या तर तिघी एकदम ओरडल्या, "अवं, सून कशाले हाये मंग?" मी पाणी आणून दिलं. बोलणं त्यांच्याशी, रोख माझ्याकडे, ही लेकी बोले सुने लागेची कला आमच्या घरात पहिल्यापासून.

आठ दिवसांत गावभर झालं. नागपूरची सून म्हातारीला खोक्यावर चढवते. आंघोळीचं पाणीही तिचं तिला घ्यायला लावते. एका रविवारी भाऊजी, माझे धाकटे दीर, आले. गरीब माणूस, माझ्याशी मान वर करून कधी बोलले नाहीत. त्या दिवशीही खालीच बघून म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबरच असन. पन मले गावात तोंड दाखवायले जागा नाई ठेवली लोकायनं. म्हनते, मायले शिकल्या भावाकडे टाकलं अन् तिथं तिचे हाल करून राहिले."

माझं डोकं भडकलं. "मग घेऊन जा ना तुमच्या आईला! तुम्ही करा हाल!" असं मी बोलले. भाऊजी चहा न घेता गेले. संध्याकाळी यांनी तोडगा काढला. "लोकांसमोर नको करवत जाऊ. कोणी आलं की निजवून दे. गेलं की पुन्हा सुरू. लोकांचंही समाधान, आपलंही काम." अगदी कारकुनी तोडगा. फाइल वर एक, खाली एक.

मी आईंकडे बघितलं. वाटलं, त्या भडकतील. त्या म्हणाल्या, "टाक वं गोधडी. त्याइलेबी बरं वाटते. इतक्या दुरून येते बिचारे, अन् मी उभी दिसली त आल्यासारखं काय वाटन त्याइले?"

सुरुवातीला ते नाटकच होतं आणि आम्हा दोघींना त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली की शेजारच्या काकू आवाज द्यायच्या, "आलं वं, तुमचं गणगोत!" मग आमची पळापळ. खोकं खाटेखाली, आई खाटेवर, गोधडी गळ्यापर्यंत, उशाशी तांब्या आणि औषधाची बाटली. पाहुणे आले की आई कण्हायच्या, असं कण्हायच्या की मीच चहा सोडून बघायला यायची. पाहुणे डोळे पुसत गूळ, तीळ, वाटीभर तूप ठेवून जायचे. दार लागलं की गोधडीतून आवाज, "गेले का वं? उठव मले. कंबर धरली." अकरा वर्षांत आम्ही सासू-सुना इतक्या हसलो नव्हतो.

मग ते नाटक कधी संपलं आणि खरं कधी सुरू झालं, मला नेमका दिवस सांगता येत नाही. पाहुणे येणार कधी, हे कुठं ठाऊक असायचं? म्हणून आई नऊ वाजल्यापासूनच पडून राहायला लागल्या. "येनारच हाये कोनीतरी. कुठं उठू-बसू करत बसता." कोणी आलं नाही तरी बारा वाजायचे. मग जेवण, मग वामकुक्षी. खोकं सकाळी खाटेखाली गेलं की संध्याकाळी निघायचं, मग एक दिवसाआड, मग मी केर काढताना झाडू आपटायचा तेवढंच. पडून पाणी प्यायला मी तोटीची वाटी आणली. पाऊण तासाची आंघोळ मी दहा मिनिटांत उरकायला लागले. रात्रीच्या अंधारात कुठं पडतील म्हणून खाटेखाली भांडं ठेवलं, आणि ते भांडं दिवसाही तिथंच राहिलं.

हे सगळं मी प्रेमानं केलं, असं म्हणता आलं असतं, आणि लोक तसंच म्हणत होते. पण आता वय झालंय, आता खरं सांगायला हरकत नाही. एक तर मला ते सोपं पडत होतं. माझा स्वैपाक वेळेवर व्हायला लागला. आणि दुसरं म्हणजे मला ते कौतुक गोड लागलं. सासरी माझं नाव निघायचं ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. आता तेच लोक माझ्या तोंडावर म्हणत होते, सून असावी तर अशी. आतेसासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. ज्या बाईनं मला सर्कसवाली म्हटलं होतं तिनं! मी सुखावले. दोन महिन्यांनी कसरतवालीला दाखवायला जायचं होतं, ते मी टाळलं. कारण मला ठाऊक होतं ती काय विचारणार. न जाण्याचं ठरवलं असंही नाही. आज संक्रांत आहे, उद्या होळी आहे, मग परीक्षा आहेत मुलांच्या, असं करत राहिलं ते.

फाल्गुन संपला, चैत्र लागला. उन्हं तापली तसे पाहुणे थांबले. आणि एक दिवस आई पडल्या पडल्या बोटं मोजून म्हणाल्या, "घागरीले बारा दिवस राह्यले. तिकीट काढा माह्यं."

यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. खोकं बाहेर काढून बघावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, की सुचूनही भीती वाटली, देव जाणे. मी मनाला सांगितलं, एकदा आलेलं कुठं जातंय? पोहणारा पोहणं विसरतो का? भाऊजींना पत्र टाकलं. आदल्या दिवशी येतो, स्टॉपवर बैलगाडी आणा.

घरून निघताना त्रास झाला नाही. आमचा ओटा उंच होता, रिक्षा त्याला लावली की ओट्यावरून सरळ रिक्षात पाऊल. दवाखान्यातही असंच जायचो आम्ही. आईंनी धुवट लुगडं नेसवून घेतलं होतं, मांडीवर पिशवी, तीच श्रावणापासून दारामागं पडलेली. रस्ताभर बोलत होत्या. विहिरीचं पाणी उतरलं असेल, पोहरा बदलायला पाहिजे, धाकटीनं, म्हणजे जावेनं, घागर कुंभाराकडून आणून ठेवली असेल ना. स्टँडवर यांनी धरून उतरवलं. गाडी लागली होती. लोक चढत होते. आई काठी टेकत दारापाशी गेल्या, ती माझ्या हातात दिली, दाराचा दांडा उजव्या हातानं धरला आणि हळूच म्हणाल्या, "थोरली, चढ वं."

थोरली वर गेली. पाय पायरीवर टेकला, वहाण फळीवर चट वाजली. त्या पायावर जोर देऊन अंग वर उचलायचं होतं, तेवढंच राहिलं होतं, आणि तेच होईना. मांडी थरथरायला लागली. चांगला पाय होता तो. त्याला काही झालं नव्हतं. आम्ही त्यालाही पाच महिने गोधडीखाली निजवून ठेवलं होतं.

"परत," आई म्हणाल्या. पाय खाली घेतला, पुन्हा ठेवला. मागून लोक दाटले. कंडक्टर चांगला माणूस होता, ओरडला नाही. "होऊ द्या आजी, आरामात." तिसऱ्या वेळी गुडघा वाकडा झाला आणि यांनी मागून धरलं म्हणून बरं. एक धिप्पाड माणूस पुढे आला. "सरका, मी उचलतो आजीले. फुलावानी त हाये."

"हात नको लावू बाप्पा," आई म्हणाल्या. तोंड लाल झालं होतं. "मी पोत्यावानी नाई जात माह्या गावात."

"आई, एवढंच वरपर्यंत. पुढं तुम्ही चालालच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आईंनी दांडा सोडला. "जाऊ दे गाडी. चाल घरी."

पण घरी जायलाही रिक्षात चढायला पाहिजे, आणि तिथं ओटा नव्हता. आईंनी रिक्षाच्या पायदानाकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. एका बाजूनं यांनी, दुसऱ्या बाजूनं रिक्षावाल्यानं काखेत हात घालून त्यांना उचलून आत ठेवलं. वहाण एक खाली पडली, ती मी उचलून मांडीवर घेतली. त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. सासरे गेले तेव्हाही त्या सगळ्यांसमोर रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी घागर आमच्या घरीच भरली. नळाच्या पाण्यानं. मी पाट मांडला, पण आईंना खाली बसता येईना, म्हणून त्या खाटेवरूनच हात लांबवून घागरीच्या काठाला बोट लावून राहिल्या आणि पाणी मी ओतलं. वर खरबूज ठेवलं, आंब्याचं पान ठेवलं. आई कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा नळाचं घ्या. पुढच्या साली विहिरीचं देतो." मग मला म्हणाल्या, "तू रडू नको वं. तूनं एकटीनं थोडी केलं. गोधडी टाक असं मीच म्हनलं होतं ना." मला वाटतं त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी इतकी वर्षं हे मनात घेऊन बसले नसते.

दोन दिवसांनी मीच रिक्षा करून कसरतवालीकडे गेले, आईंना घेऊन. ती पण ओरडली नाही. आईंची मांडी चाचपून बघितली, एकदा चांगली, एकदा दुबळी, आणि विचारलं, "खोकं कुठाय?"

"खाटेखाली," मी म्हटलं.

"आता खोकं नाही जमणार. विटा घ्या. एकीपासून सुरुवात. या वयात गेलेलं अर्धं परत आलं तरी नशीब म्हणा."

एक वीट. सहा विटा एकावर एक म्हणजे ते खोकं, मी सुतळीनं मोजलं होतं. त्या दिवसापासून मी गोधडी घडी करून पेटीत घातली. तोटीची वाटी शेजारच्या काकूंच्या नातीला देऊन टाकली. पाऊण तासाची आंघोळ आता सव्वा तासाची झाली, तरी मी बाहेर दाराशी बसून राहायची आणि हात मांडीखाली दाबून ठेवायची, पुढे जाऊ नये म्हणून. आई चिडायच्या, मला वाट्टेल ते बोलायच्या. "सैतान हायेस तू!" मी म्हणायची, "हव, आहे. चढा." श्रावणात एक वीट सोडून दोन. आतेसासूबाई एकदा आल्या तेव्हा आई विटांवर होत्या. त्या तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "बसा आत्याबाई. आईंच्या चार फेऱ्या राहिल्यात. मग चहा करते." त्या चहा घेऊन गेल्या, पण बोटं मोडली नाहीत. दसऱ्याला तिसरी वीट. त्या दिवशी आईंनी मला सोनं दिलं, आपट्याचं पान, आणि म्हणाल्या, "अर्धी एस्टी चढली वं मी."

चौथी वीट मी आणून ठेवली होती. ती लागली नाही. पौषात थंडी पडली, त्यांना सर्दी झाली, मग छातीत कफ, आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. आदल्या दिवशीही पाण्यासाठी उठू बघत होत्या, मीच नको म्हटलं.

गावाला मेटॅडोरनं नेलं. चौघांनी उचलून आत ठेवलं, तिथं चौघांनी उचलून उतरवलं. अर्ध्या कोसाचा तो रस्ता मी त्यांच्यामागून चालत गेले. विहिरीचं पाणी भाऊजींनी काढलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर बाया अंगणात बसल्या, मी पानसुपारीचं तबक फिरवत होते. आतेसासूबाईंनी मला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे पोरगी होती म्हनून निभलं. शेवटी शेवटी जराशी कंटाळली बिचारी, मानूसच हाये ना तेही. पन पहिले पाच महिने हिनं म्हातारीचा पाय खाली टेकू नाई देला."

"हव माय, खरं हाये," बाया म्हणाल्या. कोणी डोळ्याला पदर लावला.

मी तबक मांडीवर धरून बसून राहिले. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मी खरंच टेकू दिला नव्हता.